हौदातली माती

नाशिकचं जुनं कुस्ती स्टेडियम वापरात नाही, तेव्हा पाडावं, असं आधीच लिहून साहेब पाहणीला आले. गोजराबाई ताकाची कळशी घेऊन दारातच उभी होती. तिचा नवरा, पोरगा, नातू याच मातीत घुमले. माती मऊ राहावी म्हणून कुस्तीच्या हौदात जिरवायला दर शनिवारी ताक तिच्याच घरचं.

"कागद ठेवा बाजूला," ती म्हणाली. "मी बाईमाणूस, हौदात उतरत नाय. तुम्ही उतरा, बूट काढून."

साहेब उतरले ते घोट्यापर्यंत रुतले.

"बंद पडलेली माती अशी लोण्यासारखी राहते का? रोज सकाळी तीस पोरं खणतात तिला."

साहेबांनी कागदावरची 'वापरात नाही' ही ओळ खोडली.

"आता पाय इथंच झटका," गोजराबाई म्हणाली. "आमची माती बाहेर न्यायची नाय."