राहून गेलेली खिंड

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. मालकाच्या मागे फरशीवरून खडखडत धावणाऱ्या चाकांच्या बॅगांशी माझे नाते जोडू नका. मी पाठीवर बसून जाते. सध्या माझा मुक्काम एका बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांच्या वर, खुंटीला आहे. पिठामुळे मी पांढरी दिसते, पण माझा खरा रंग गडद हिरवा, हे आधीच सांगून ठेवते.

मला शिवले ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने. त्यामुळे रूपाच्या नावाने आनंदच होता. मला पाहून लोक हसत. पण माझी शिवण आजवर एकदाही उसवलेली नाही, आणि हसणाऱ्यांच्या सॅका कधीच भंगारात गेल्या.

माझा मालक तेव्हा तरुण होता. वडिलांच्या बेकरीत कणीक मळता मळता त्याचे लक्ष खिडकीबाहेर असे. सुट्टी मिळाली की मला पाठीवर टाकून तो निघालाच. आम्ही जंगलातून गेलो, नद्या ओलांडल्या, गुराख्यांच्या झोपड्यांत राहिलो. मला त्या दिवसांत फार मान होता. मुक्कामाला पोचल्यावर मालक आधी मला कोरड्या जागी ठेवी आणि मगच स्वतः बसे. एक गोष्ट मात्र राहून गेली. उत्तरेकडच्या डोंगरात एक उंच खिंड आहे. तिच्या पलीकडे काय आहे, हे त्याला पाहायचे होते. एकदा बर्फाने आम्हाला परत पाठवले आणि एकदा सोबत्याच्या मुरगळलेल्या पायाने. "पुढच्या वर्षी नक्की," असे म्हणून तो माझ्यावर थोपटायचा.

पुढच्या वर्षी त्याचे लग्न झाले. मग वडील गेले, बेकरी अंगावर पडली, थोरली झाली, धाकटा झाला. बेकरीची भट्टी वर्षभर तापलेली असते. आतल्या विटा बदलायला गवंडी येतो, त्या आठवड्यातच ती थंड होते. घराला सुट्टी मिळते ती तेवढीच. आणि ती सुट्टी दरवर्षी एका तळ्याकाठी जायची. तेच लॉज, तीच खोली, व्हरांड्यातल्या त्याच वेताच्या खुर्च्या. मालकाची आई, म्हणजे मुलांची आजी, पाण्यात पाय सोडून बसायची, मुले डुंबायची, त्यांची आई पुस्तक उघडून झोपी जायची.

मी तेव्हा फार नाक मुरडत असे. कडे उतरलेली मी, आणि माझ्यात काय, तर ओले टॉवेल आणि हवा भरायचे रबरी बदक! शिवाय बरणी. बेकरीचे खमीर, म्हणजे पाव फुगवणारे ते आंबवलेले पीठ, आजोबांच्या वेळचे आहे. त्याला रोज ताजे पीठ आणि पाणी लागते, म्हणून तेसुद्धा सुट्टीवर येते. निघताना घराला कुलूप लावले की मालकाने काचेची बरणी माझ्या बाजूच्या खिशात सरकवायची, हा रिवाज होता. आजी लगेच विचारायची, "घेतलं का रे त्याला?" जणू काही तिसरे नातवंडच.

मग थोरलीचे घरातले शेवटचे वर्ष आले. शिकायला ती दूरच्या शहरात जाणार होती. पुस्तकांसाठी खोके शोधताना तिने मला माळ्यावरून खाली काढले. माझ्या आतल्या कप्प्यात घडी घातलेला एक जुना नकाशा होता. खिंडीभोवती पेन्सिलीने गोल केला होता.

"बाबा, हे काय आहे?"

"काही नाही गं. असंच. राहून गेलं."

थोरली गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. रात्री जेवताना तिने विषय काढलाच. "यंदा आपण खिंडीत जाऊ या. बाबाचा गुडघा आत्ताच कुरकुरतो. मी गेल्यावर त्याला कोण नेणार?"

"आणि मी तिथे काय करू? खाली बसून तुमच्या चपला राखू?" आजी म्हणाली. "यंदा पोर घरात आहे. तळ्यावर सगळी एकत्र असतो आपण."

दोघींचेही खरे होते. मालकाला खिंड हवी होती आणि आजीला दुखवायचे नव्हते. शेवटी आईने हातातला वाडगा खाली ठेवला. "अहो, मी आईंना आणि धाकट्याला तळ्यावर नेते. तुम्ही दोघं जा. उरलेले दिवस तिकडे या. इतकी वर्षं तुम्ही आमच्याबरोबर बदकात हवा भरलीत, आता एकदा जा म्हणते मी." मालक तिच्याकडे बघतच राहिला. मला तर त्या बाईच्या गळ्यात पट्टे टाकावेसे वाटले.

निघताना दोन रिक्षा दारात उभ्या होत्या. ही पिशवी तुझी की माझी, असा गोंधळ चालला होता. मालकाने कुलूप लावले, आणि त्याच्या हाताने वर्षानुवर्षे केले तेच केले. बरणी माझ्या खिशात गेली! आईने तिच्यासाठी लोकरीत गुंडाळलेली वेगळी पिशवी केली होती, ती तशीच रिकामी तळ्याकडे निघाली. मला सगळे कळत होते. पण आम्हा सॅकांना तोंड कुठे असते?

डोंगरात फोन लागत नव्हता. पहिला मुक्काम एका दगडी निवाऱ्यात झाला. दुसऱ्या दिवशी खिंडीखालच्या शेवटच्या चढावर आलो. वरची फट अगदी समोर दिसत होती, आणि तेवढ्यात, त्या उंचीवर रेंज मिळून, मालकाचा फोन वाजला.

"अरे, खमीर हरवलं!" आजीचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "कालपासून सगळी खोली उलटीपालटी केली!"

मालकाचा हात आपोआप माझ्या खिशाकडे गेला. त्याने बरणी बाहेर काढली. ती गार पडली होती. "आई, इथे आहे. माझ्याकडेच. गारठलंय."

गारठलेले खमीर मरत नाही, पण रुसते. मग कित्येक दिवस पाव फुगत नाही, आणि भट्टी तर चार दिवसांत पेटणार होती. आजीने फोनवरूनच सूत्रे हाती घेतली. "पीठ नाही? मग काय आहे? ओट्स? चुरून घाल. थर्मासमधलं कोमट पाणी घाल. आणि बरणी पोटाशी धरून बस. बुडबुडे येईपर्यंत हलायचं नाही!"

तसे केले. पण वरून ढग उतरू लागले होते. दुपारनंतर खिंड बंद होणार, हे मालक जाणून होता.

"चल, परत जाऊ," तो म्हणाला. "राहू दे."

थोरलीने त्याच्या हातातून बरणी घेतली, जाकिटाच्या आत पोटाशी धरली आणि खडकाच्या आडोशाला बसली. "बाबा, तू जा. मी हिला घेऊन बसते."

"तुला एकटीला सोडून?"

"तुला दिसत राहीन इथून. जा ना! तिसऱ्यांदा परत आलास तर मी बोलणार नाही तुझ्याशी."

मालक मला घेऊन निघाला. गुडघा दुखत होता, वारा ढकलत होता. दर वळणावर तो मागे वळून बघे. आणि आम्ही पोचलो! माझ्या मालकाला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिले होते, त्याचे वडील गेले तेव्हा. या वेळी तो हसत हसत रडत होता. खाली थोरलीच्या लाल टोपीचा ठिपका होता. मालक हात हलवत राहिला, ठिपकाही हात हलवत राहिला. मग ढग जवळ आले आणि आम्ही घाईने उतरलो.

"आले बुडबुडे!" थोरली ओरडली. "कसं होतं पलीकडे?"

"अगं... पलीकडे बघायचं राहूनच गेलं."

"काय? इतकी वर्षं आणि बघितलंच नाहीस? मग काय केलंस वर?"

"तुझ्याकडे बघत होतो."

थोरलीने आधी कपाळाला हात लावला, मग त्याला घट्ट मिठी मारली. त्याच्या पाठीवरची मी तिच्या हातांखाली पार चेंगरले. कुरकुर केली नाही.

तळ्यावर पोचलो तेव्हा आजीने आधी बरणी तपासली, मग मुलाच्या गुडघ्याला तेल लावले. व्हरांड्यात एक वेताची खुर्ची माझ्यासाठी रिकामी केली होती. रबरी बदक शेजारीच होते. त्या वर्षी मी नाक मुरडले नाही.

थोरली आता दूर आहे. मालकाच्या गुडघ्याने डोंगराला रामराम केला आहे. मी खुंटीवर असते. पट्टे कडक झालेत, एका खिशाची चेन अडते. कधीतरी मला ऊन दाखवा, चेनला मेण चोळा, एवढेच माझे मागणे. गिऱ्हाइके मला पाहून मालकाला विचारतात, "तुम्ही म्हणे त्या खिंडीत गेला होतात? काय दिसतं हो तिथून?"

"माझी थोरली दिसते," मालक म्हणतो आणि पाव बांधून देतो.

मित्रांनो, तुमच्या आईबाबांचेही कुठेतरी जायचे राहून गेलेले असते. तळ्याकाठी खुशाल जा, मजा करा, पण एकदा त्यांना विचारा. ते हमखास म्हणतील, "कुठे काय, काही नाही." तेव्हा उठून जाऊ नका. पुन्हा विचारा.