मामाचं राखीव रक्त

शिवणाची सुई भिंगाखाली धरली, तर तिचं टोक वाटतं तितकं अणकुचीदार नसतं. किंचित गोलसर दिसतं. शिंपीकाम करणारा मामा अशा दोन-चार सुया ओठांत धरून दिवसभर गप्पा मारायचा. दवाखान्यातली सुई मात्र लांबून दिसली तरी त्याला दरदरून घाम फुटायचा.

त्याचा रक्तगट दुर्मिळ. तोच त्याच्या ताईचा, तोच भाचीचा. रक्तपेढीचा फोन आला की ताई हातातलं काम टाकून धावायची. मामा वर्षानुवर्षं एकच सांगायचा, "माझं घरच्यांसाठी राखून ठेवलंय."

"रक्त आहे की ठेवणीतला कोट?" ताई म्हणायची.

आता भाची बाळंतपणाला आली होती. रक्त देणारं कुणीतरी हाताशी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईनं नुकतंच एका अपघातातल्या माणसाला दिलं होतं, त्यामुळे इतक्यात तिला पुन्हा देता येणार नव्हतं. उरला मामा. तो आठवडाभर खजूर आणि भाव, दोन्ही खात होता.

मामा बाळाचं झबलं बेतत असतानाच रक्तपेढीचा फोन आला. एक बाई बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता.

मामानं फोनवर तळवा दाबला. "आज दिलं आणि उद्या आपल्या पोरीला लागलं तर?"

या वेळी ताईलाही चेष्टा सुचेना.

भाची खुर्चीत पाय पसरून बसली होती. "मामा, आईनं ज्याला दिलं, तो आपला कोण?"

"कुणी नाही."

"त्याचा मामा असेल की घरी. खजूर खात बसलेला."

"थट्टा पुरे. तुला लागलं तर?"

"भीती मलाही वाटते रे," भाची हळूच म्हणाली. "पण ती बाई आत्ता तिथे पडलीय. मला लागलंच, तर माझ्यासाठीही कुणी परकं धावेल. तुझा काय भरवसा? सुई बघून तूच आडवा होशील. मग खाट तुला द्यायची की मला?"

ताईला हसू आवरेना. डोळे मात्र तिनं पदरानं टिपले.

मामानं ओठांतल्या सुया एकेक करून शिवणाच्या छोट्या उशीत टोचल्या. झबल्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. फोनमधून "हॅलो, हॅलो" चालूच होतं.

त्यानं तळवा काढला.

"येतोय," तो म्हणाला, "मी देतो रक्त. फक्त ती सुई मला दाखवू नका."