फाळक्यावरचं दाभोळ

"अंकल, तुम्ही सोल्जर आहात का?"

अब्बांच्या गिऱ्हाइकाला, डीनला, हे विचारायची माझी हिंमतच होणार नाही, असं माझ्या वर्गातल्या जिकरा आणि कश्मिराचं म्हणणं होतं. माझी? डिबेट जिंकलेल्या हुदाची? शुक्रवारी अब्बांचा डबा घेऊन इथल्या, आखातातल्या तुबलीच्या गॅरेजमध्ये गेले आणि विचारून टाकलं!

डीन हसला. "आता नाही. आता माझ्यासाठी दुसरे लढतात."

मीही हसले. दुसरे कोण, ते विचारायचं राहूनच गेलं.

अब्बा त्याच्या पांढऱ्या पिकअपच्या हौद्यात जाड लोखंडी बैठक बसवत होते. गावागावात पाणी पोचवायच्या टाकीसाठी, असं डीनने सांगितलेलं. अशा काही गाड्या अब्बांनी आधीच करून दिल्या होत्या, त्या गेल्याही होत्या. पुढच्या आठवड्यात गाड्यांबरोबर मेकॅनिक म्हणून अब्बाही जाणार होते, समुद्रापलीकडे. व्हिसासाठी त्यांचा पासपोर्ट डीनने तेव्हाच खिशात घातला.

संध्याकाळी ग्रुपवर मी हे सगळं ऐटीत सांगितलं. जिकराने एक व्हिडिओ पाठवला. "दुसरे म्हणजे हे तर नव्हेत?"

वाळूत अर्धी जळलेली पांढरी पिकअप. हौद्यात तश्शीच बैठक, तिच्यावर मशीनगन. बाजूला चपला घातलेली दोन पोरं, पालथी. निवेदक सांगत होता, यांना एका बड्या देशाचे कमांडो शिकवतात, समोरच्यांना दुसऱ्या बड्या देशाचे. मग कॅमेरा मागच्या फाळक्यावर गेला आणि मी अब्बांना हाक मारली.

फाळक्याच्या आतल्या कडेला वेल्डिंगने लिहिलं होतं, 'दाभोळ'. प्रत्येक कामावर अब्बा आपल्या गावाचं नाव असंच टाकतात, मराठीतून.

व्हिडिओत समोरच्यांपैकी कुणीतरी अरबीत म्हणालं, "ही अक्षरं कुणाची, शोधा."

"मी टाकीसाठी केलं होतं गो," अब्बा खालीच बसले.

अम्मी म्हणाली, "अहो, आत्ताच फोन करा. येत नाही म्हणावं."

अब्बांनी फोन स्पीकरवर लावला. डीनचा आवाज अगदी मऊ होता. "व्हिडिओ मीही पाहिला, महमूद. म्हणूनच तुम्ही आमच्याबरोबर असलेलं बरं. इथे तुमच्याकडे कोण बघणार? आणि हो, मुलगी हुशार आहे तुमची."

फोन बंद झाला. अम्मीने उठून दाराची कडी लावली.

"गेलो नाही तर..." अब्बा पुटपुटले.

माझा आवाज डिबेटमधलाच निघाला. "अब्बा, तुम्ही जाणार नाही. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली तरी रविवारी मी शाळेत जात नाहीये. आपण तिघं इंडियन एम्बसीत जातोय, व्हिडिओ घेऊन. पासपोर्ट कुणी नेला, कशासाठी नेला, सगळं सांगायचं. आणि अम्मी, बोलणार मी."