पिशोरच्या माळावरची हाक

काही माणसांना मेल्यावरसुद्धा कुणीतरी न्यायला जावं लागतं. मंजुषाचे आबा, बन्सी मेंढपाळ, त्यातलेच. पिशोरच्या माळावर मेंढरं चारताना त्यांना साप डसला आणि ते जागीच गेले. देह हर्सूलच्या घरी आला. पण त्यांच्या घराण्याची समजूत अशी, की घराबाहेर मेलेल्याचा जीव त्याच जागी बसून राहतो. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायची, दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीनं एकटीनं तिथं जाऊन हाक मारायची, तिथला दगड पदरात घ्यायचा आणि मागं न बघता, मुक्यानं घरी आणून देवघरात ठेवायचा.

मंजुषा वाळूजच्या कारखान्यात पॅकिंगला. तिनं ती जागा कधी पाहिलेली नव्हती. उघड्या माळावर खूण तरी कशाची सांगणार, म्हणून भाऊ सोमनाथनं आबा गेले त्याच दिवशी मोबाइलच्या नकाशावर जागा टिपून ठेवली होती. प्रेत उचलणाऱ्यानं परत तिथं पाय ठेवायचा नसतो, म्हणून तो सडकेवरच थांबला.

दोन हजार चोवीसची अखिती. घागर भरून झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात मंजुषा नकाशातल्या निळ्या ठिपक्यामागं निघाली. ठिपका डावीकडं सरकला, उडी मारून उजवीकडं गेला, मग भलतीकडंच वळला. शहाण्या माणसाला मोबाइलचा संशय आला असता. मंजुषाला वाटलं, आबाच बोलावतायत! सरळ ते कधी चाललेच नाहीत. मेंढरांमागं असेच वाकडेतिकडे हिंडायचे. तिचे डोळे भरून आले. ठिपका थांबला तिथं दगडांची बारकी रास होती, वर बाभळीच्या वाळक्या फांद्या. सोमनाथनंच खूण केली असणार.

"आबा, चला घरी," तिनं तीनदा हाक मारली, दगड उचलला आणि मागं न बघता आली.

दोन-चार दिवसांनी आई, सखूबाई, म्हणाली, "मंजे, हे तुझं आबा नाय."

"काय बोलतीस गं?"

"लई बारकं हाय. पहाटं उंबऱ्यापत्तर येतंय, अन् उंबरा चढता येत नाय म्हणून रडतंय."

म्हातारीला भ्रम झाला, असं मंजुषानं मनाशी ठरवून टाकलं. मग एका पहाटे तिलाही ऐकू आलं. दारात कुणी नव्हतं. रडणं मात्र अगदी उंबऱ्याशी होतं.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या कँटीनमध्ये टीव्हीवर बातमी लागली. अखितीच्या रात्री सूर्यावरचं वादळ पृथ्वीवर आदळलं होतं, लडाखच्या आभाळात लाल उजेड दिसला होता. अशा वेळी वरची हवा खवळते, उपग्रहाकडून येणारा संदेश तिच्यातून रेंगाळत येतो, मोबाइलचा अंतराचा हिशेब चुकतो आणि ठिपका भलतीकडं दिसतो. मंजुषाचा घास हातातच राहिला. आबांनी बोलावलंच नव्हतं. मग आपण हाक मारली ती कुणाला?

सुट्टीच्या दिवशी ती पुन्हा गेली. आज ठिपका शहाण्या पोरासारखा सरळ चालला आणि तिला ओघळीपलीकडं घेऊन गेला. तिथं रास नव्हती, फांद्या नव्हत्या. नुसतं कोरडं गवत. तिथून तिला ती रास दिसली, लांब, एकटी. तान्हं लेकरू पुरलं की कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर काटे टाकतात. मेंढपाळाच्या लेकीला हे कळू नये? कुण्या फिरस्त्याचं लेकरू असेल. आईबाप मेंढरांमागं पुढं निघून गेले असतील. नाव ठेवण्याइतकंही जगलं नसेल. कुणाच्याही नावानं हाक मारली असती तरी ते आलंच असतं.

अखिती तर उलटून गेली होती. आबा आता येतील? तिनं रडतच हाका मारल्या, दगड घेतला आणि मुक्यानं घर गाठलं.

दगड देवघरात ठेवल्यावर ती म्हणाली, "आई, ते लेकरू परत नेऊन ठेवते."

"हाक मारून आणलंस, अन् आता हुसकून लावतीस व्हय? जीभ झडंल तुझी!"

पहाटे उंबऱ्याशी पुन्हा रडणं सुरू झालं. मायलेकी अंथरुणात उठून बसल्या. आबा आले नाहीत, मंजुषाच्या मनात आलं, आपणच त्यांना माळावर ठेवलं.

तेवढ्यात देवघराकडून आवाज आला. च्यक्, च्यक्. जीभ टाळूला लावून काढलेला. नुकतं जन्मलेलं कोकरू काखेत उचलून घेताना आबा काढायचे, तो. आवाज दोघींच्या मधून दाराकडं गेला. रडणं थांबलं. मग तोच आवाज हळूहळू आत आला.

मंजुषानं आईचा हात घट्ट धरला. सखूबाई पदरानं डोळे पुसत होती.

"ऊठ," ती म्हणाली. "आबाचा चहा टाक. अन् वाटीत थोडं दूध काढ."