आभाराचा माईक

माझ्या जाळीला डाव्या बाजूला एक पोचा आहे. एका लग्नात नवरदेवाच्या मामाने गाण्याच्या भरात मला फरशीवर सोडलं, तेव्हाची ही खूण. मित्रांनो, मी खाजाभाई मंडपवाल्यांचा वायरचा माईक. वय झालं माझं. पूर्वी कार्यक्रम नसेल तेव्हा, आणि हल्ली कायमचाच, मी त्यांच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतो. पेटीचं झाकण नीट बसत नाही, म्हणून घरातलं सगळं बोलणं मला ऐकू येतं. मी सांगणार आहे त्यातलं काही मी स्वतः अनुभवलेलं आहे, आणि काही या पेटीत पडल्या पडल्या ऐकलेलं.

दिल्लीकडच्या एका लहान कारखान्यात मला जोडलं. माझ्या पोटात कागदाहून पातळ असा एक पडदा आहे. समोर कोणी बोललं की तो थरथरतो आणि ती थरथर वायरीतून पुढे जाते. माझं कामच ते. समोरचा माणूस लहान की मोठा, हे त्या पडद्याला कळत नाही.

खाजाभाईंनी मला नगरच्या बाजारातून आणलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी त्यांचं गाव. तिथल्या कितीतरी हळदी, बारशी, भीमजयंतीची भाषणं, उरुसातल्या कव्वाल्या माझ्यातून गेल्या. पोलिओचा डोस कधी आहे, हेही मीच सांगितलं. प्रत्येक कार्यक्रम संपला की खाजाभाई मऊ फडक्याने माझी जाळी पुसायचे आणि म्हणायचे, "ह्याच्यासारखा आवाज न्हाई कुनाचा." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग बिनवायरचे माईक आले. काळे, चकचकीत. पाहुणे तेच मागू लागले. खाजाभाईंनी तसे दोन घेतले आणि गावात आपोआप एक रीत पडून गेली. प्रमुख पाहुण्यांच्या हातात नवा माईक, आणि सुरुवातीचं स्वागत व शेवटचे आभार माझ्यावर. आभार सुरू होईपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असतात. लहान मुलं खुर्च्या पाडतात. कोण ऐकतंय? पण मित्रांनो, आमच्याकडे एक शिस्त मात्र कोणी मोडत नाही. आभार झाल्याशिवाय आणि त्यानंतर राष्ट्रगीत झाल्याशिवाय व्यासपीठावरचा माणूस उठत नाही. कितीही मोठा असो, मोबाईल बघत का होईना, बसून राहतो.

हे आभार बहुतेक वेळा जयमालाकडे असायचे. जयमाला म्हणजे आमच्या शेजारच्या भिमाबाईंची सून. संगमनेरच्या कॉलेजात बीएस्सी झालेली, म्हणून कार्यक्रम आला की सरपंच म्हणायचे, आभाराला तिलाच सांगा, चुकत नाही. तिच्या हाताला नेहमी हलका घाम असायचा. पण नावं ती स्पष्ट घ्यायची, अगदी चहावाल्याचंसुद्धा.

जयमालाचं घर आणि खाजाभाईंचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर, शेजारी शेजारी. वस्तीवरून शाळेत जायला एक पाणंद आहे, म्हणजे शेतांच्या मधून जाणारी सरकारी वाट. खाजाभाई सांगतात, त्यांच्या लहानपणी तिथून बैलगाडी जायची. दोन्ही बाजूंची जमीन कल्याणरावांची. कल्याणराव माणूस वाईट नाही. शाळेला पाण्याची टाकी त्यांनीच दिली, मंडपही बऱ्याचदा त्यांच्याच खर्चाने उभा राहतो. पण दरसाल त्यांचा ऊस एकेक सरी, म्हणजे एकेक ओळ, पुढे सरकत गेला. आता त्या वाटेने एका वेळी एकच माणूस जातो, आणि दोन्हीकडची पाती खांद्याला घासतात.

अशा उसात बिबट्या राहतो, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. वस्तीवरची कुत्री एकेक करून गेली होती. जयमालाने तिच्या मुलाला, सम्राटला, आणि खाजाभाईंच्या नातीला, फलकला, शिकवून ठेवलं होतं की वाटेने जाताना पाढे मोठ्याने म्हणायचे. सकाळी ती दोघांना सोडायची, दुपारी आणायला जायची. मधे स्वयंपाक करताना वेळ पुन्हा पुन्हा बघायची. पोरं एकदा शाळेच्या फाटकातून आत गेली, तरी ती थोडा वेळ तिथेच थांबायची, असं भिमाबाई हाजराबींना सांगत होत्या. हाजराबी म्हणजे खाजाभाईंची घरवाली.

दिवाळीनंतरची गोष्ट. शाळा थोडी लवकर सुटली आणि मुलं आपली आपण निघाली. जयमाला या टोकाने चालली होती, मुलं त्या टोकाने येत होती. आणि मधे, वाटेवर, तो बसला होता. फलक आजीला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. जयमालाकाकी ओरडली नाही, पळालीही नाही. तिने फक्त हात वर केला, थांबा म्हणून. फलकने सम्राटचा हात धरला. सगळे तसेच उभे राहिले. मग तो सावकाश उठला आणि उसात शिरला. तो गेल्यावरही जयमालाकाकीचा हात खाली येईना, मीच जाऊन तो खाली केला, असं फलक म्हणाली. तेव्हापासून सम्राट शाळेचं नाव काढलं की पोट दुखतंय म्हणतो.

दुसऱ्याच दिवशी जयमाला कल्याणरावांच्या घरी गेली. ते पूजेला बसले होते. पुन्हा गेली, तर साखर कारखान्यावर गेलेले. त्यानंतर गेली तेव्हा फाटकात कुत्रा मोकळा सोडलेला होता. तिचं मागणं फार नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या थोड्या सऱ्या काढा, म्हणजे मुलांना लांबचं दिसेल, आणि जनावरालाही माणूस दिसेल.

अशातच आमदारसाहेबांचा दौरा ठरला. नवे कायदे आणि सरकारचे निर्णय लोकांना समजावून सांगायचे, गावाच्या अडचणी ऐकून घ्यायच्या, असा कार्यक्रम होता. शाळेच्या मैदानात मंडप उभा राहिला. निमंत्रक अर्थातच कल्याणराव. आभार जयमालाकडे.

निघताना भिमाबाईंनी तिला बजावलं होतं, हे तिने मंडपात हाजराबींना हळूच सांगितलं. हाजराबी वायरीच्या गुंडाळीजवळ बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. "आत्याबाई म्हणाल्या, आभार मान आन गप खाली बस. मानूस मोठा हाय, आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय." हाजराबींनी मला पदराने पुसलं आणि तिच्याकडे दिलं.

कार्यक्रम व्हायचा तसाच झाला. हार, शाली, नारळ. सत्कारातच ऊन कललं. मग आमदारसाहेब बोलले आणि चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. शेतीला दिवसा वीज, घरकुलाचे हप्ते, दाखले आता कुठे मिळतात, सगळं सोपं करून सांगितलं. शेवटी ते शेतरस्त्यांवर आले. अडलेल्या पाणंदी मोकळ्या करायच्या, त्यांची नोंद करायची, कोणी अडवलं तर तहसीलदारांकडे जायचं, असा नवा निर्णय आहे. "पाणंद कुणाच्या बापाची नसते," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. कल्याणरावांनीही वाजवल्या.

गावाच्या अडचणी ऐकायच्या होत्या, पण सूत्रसंचालक गुरुजींनी वेळेअभावी म्हणून तो भाग गाळला आणि जयमालाचं नाव घेतलं.

लोक उठायला लागले. जयमालाने मला धरलं. हात नेहमीपेक्षा ओला होता. पहिलं वाक्य तिने रीतीप्रमाणे घेतलं. आमदारसाहेबांनी वेळात वेळ काढला वगैरे. गुरुजींनी दिलेला नावांचा कागद तिच्या डाव्या हातात होता. तो तिने घडी करून कमरेला खोचला.

"साहेब, तुम्ही पाणंदीचा कायदा समजावून सांगितला, त्याबद्दल आभार. आमची पाणंद इथून दिसते. त्या टाकीच्या मागे. तिथे माझा मुलगा आणि बिबट्या समोरासमोर होते. मी पलीकडून बघत होते."

खुर्च्यांचा आवाज थांबला. चपला शोधणारा एक माणूस वाकलेला होता, तो तसाच राहिला.

तिने कोणाचं नाव घेतलं नाही. ऊस कुणाचा, हे ती म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती, कारण सगळ्या मंडपाने कल्याणरावांकडे बघितलं होतं. कल्याणरावांनी मात्र खाजाभाईंकडे बघितलं आणि मांडीवरच दोन बोटं फिरवली. ही खूण प्रत्येक माईकवाल्याला कळते. बटण फिरव, बंद कर.

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव खाजाभाईंच्या हातात होता. मला स्वतःला काही करता येत नाही. बटण फिरलं असतं तर जयमाला बोलत राहिली असती आणि पहिल्या रांगेपलीकडे कोणाला काही कळलं नसतं. लोक म्हणाले असते, वायर सुटली वाटतं. आणि राष्ट्रगीत सुरू झालं असतं. कल्याणराव चिडले तर गावातलं मंडपाचं निम्मं काम खाजाभाईंच्या हातून जाणार होतं, हेही खरं.

खाजाभाई खाली वाकले. टेबलाखाली शिरून ते वायरी चाचपायला लागले. एक वायर उचलून बघितली, ठेवली, दुसरी उचलली. पण वाकण्याआधी त्यांचा अंगठा बटणाला लागला होता, आणि मित्रांनो, माझा आवाज थोडा वाढला होता.

जयमाला बोलत होती. आता तिचा आवाज थरथरत नव्हता, थरथरत होता तो फक्त माझा पडदा. "आम्हाला बिबट्या मारायचा नाही. ऊसही मोडायचा नाही. पोरांना समोरचं दिसेल एवढी वाट द्या. साहेब, आजचे आभार मी अर्धेच ठेवते. वाट झाली की बाकीचे मानते."

गुरुजींना काय करावं कळेना. आभार पुरे झाले नाहीत, तर राष्ट्रगीत कसं घ्यायचं? ते आमदारांकडे बघत राहिले. आमदारांनी मोबाईल खिशात ठेवला आणि शेजारी वळले. "कल्याणराव, जमीन कुणाची?"

नवा माईक त्यांच्यापुढे होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

कल्याणराव उठले. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "माझीच हाय. पन हे असं माईकवर कशाला? घरी यायचं हुतं, बाई."

"आले होते, भाऊ," जयमाला म्हणाली. "पूजेच्या वेळी आले. तुम्ही कारखान्यावर होता तेव्हाही आले. मग कुत्रा भेटला."

मागून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कल्याणरावांचा मुलगा पार्थ संगमनेरच्या शाळेत जीपने जातो. त्या पाणंदीतून ते स्वतः कित्येक महिन्यांत चालले नसतील. "काढतो," ते शेवटी म्हणाले. आमदारांनी विचारलं, कधी? कारखान्याची ऊसतोड आली की, असं उत्तर आलं. तोड कधी येणार, ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा आमदार म्हणाले, "मी कायदा सांगून गाडीत बसायचं आणि पोरांनी त्याच वाटेने घरी जायचं, हे बरं दिसत नाही. उद्या सकाळी तलाठी येतील. तुम्ही तिथे थांबा." मग सगळे उभे राहिले आणि राष्ट्रगीत झालं.

सामान आवरताना कल्याणराव आमच्याजवळ आले. "खाजाभाई, तुमचं मशीन बिघाडलंय."

"व्हय, मालक," खाजाभाई वायर गुंडाळत म्हणाले. "जुनं हाय. कवा कवा बंदच होत न्हाई."

सकाळी तलाठ्यांनी हद्द दाखवली आणि कल्याणरावांची माणसं ऊस काढायला लागली. दुपारच्या आधीच काम थांबलं. वाटेपासून एक सरी आत, पाचटाच्या वाळक्या पानांवर बिबट्याची दोन पिल्लं होती, मांजराएवढी. डोळे नुकते उघडलेले. रोज तिथूनच दोन पोरं पाढे म्हणत जात होती, आणि रोज ती मादी पोरांचं बोलणं ऐकत पिल्लांपाशी बसलेली असणार.

वनखात्याची माणसं आली. संध्याकाळी त्यांनी पिल्लं जाळीच्या खोक्यात घालून त्याच जागी ठेवली, झाकण उघडं टाकलं आणि सगळ्यांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं. सकाळी खोकं रिकामं होतं. जयमाला वस्तीच्या टोकाला उभी राहून वनरक्षकाची वाट बघत होती, असं हाजराबी सांगत होत्या. तो दिसताच तिने एवढंच विचारलं, "नेली ना तिने? दोन्ही?" तो हो म्हणाला, तेव्हा ती तिथेच बांधावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

वाट आता मोकळी आहे. ट्रॅक्टर जातो. सम्राटचं पोट अधूनमधून दुखतं, पण तो जातो.

कल्याणरावांनी पुढच्या कार्यक्रमांना दुसरा मंडपवाला बोलावला. खाजाभाईंकडे काम कमी झालं. नव्या माईकांपैकी एक विकावा लागला. उरलेल्या कामाला एकच नवा पुरतो, म्हणून मी कायमचाच पेटीत आलो. माझ्या वायरीला एका जागी उंदराने दात लावले आहेत. मला कोणी पुसत नाही हल्ली, आणि त्याचं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू?

एका संध्याकाळी जयमाला घरी आली. सांगितल्याप्रमाणे राहिलेले आभार मानायला आले, म्हणाली. खाजाभाई ओशाळून गेले. "मी काय केलं, पोरी? मी तर वायर बघत हुतो." ती हसली नाही. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना ओल्या हातांपासून आणि उंदरांपासून जपा, एवढं तर मी सांगणारच. पण मला त्याहून मोठं काही मागायचं आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी आमदार होईल, कोणी गुरुजी, कोणी माईकवाला. कधीतरी एखादं बटण तुमच्या बोटाखाली येईल. समोर ओल्या हाताचं कोणीतरी बोलत असेल आणि मोठा माणूस खूण करेल. तेव्हा खाली वाकून वायर शोधा.

ती सापडायची घाई करू नका.