डाग ग्रहावर नव्हता

मी काच बोलतेय. खिडकीची नाही, चष्म्याची नाही. डबीच्या झाकणाएवढी, गोल, काळपट. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये माझी जागा होती.

एका महाकाय ग्रहावर पडलेलं ऊन परत फिरून माझ्यापर्यंत यायचं. त्यातला एकच रंग मी पुढे सोडायची. त्या ग्रहाच्या हवेतला मिथेन वायू नेमका तोच रंग गिळतो. म्हणून खोलवरचे ढग काळे दिसतात आणि उंच चढलेले तेवढे चमकतात.

हे मला कळलं ते माझ्या बाईंमुळे. त्या संशोधक, आणि काम करताना स्वतःशीच बोलायची त्यांना सवय. सहा वर्षं त्या या ग्रहामागे होत्या. हाती काही लागलं नव्हतं आणि वर्षाअखेर नोकरी संपणार होती.

एका संध्याकाळी तीन फोटो मिळाले आणि आभाळ भरून आलं. तिन्ही फोटोंत ग्रहावर एक पांढरा ठिपका!

"एवढा उंच ढग! खाली केवढं वादळ उसळलं असेल!" बाईंना खुर्चीत बसवेना. त्यांनी घरी फोन लावला. "आई, बहुतेक टिकतेय माझी नोकरी."

माझा मात्र जीव खालीवर होत होता. ओलीमुळे माझ्यावरचा रंग गाळणारा लेप एका जागी सुटला होता. तिथून नको ते रंग निसटत होते. ठिपका माझा होता! सांगू कशी?

चार दिवस आभाळ उघडलं नाही. तोवर लेख लिहून तयार झाला. पाठवायच्या दिवशी वर्कशॉपमधले काका दुर्बिणीचा पंखा दुरुस्त करायला आले. तिन्ही फोटोंतला ठिपका त्यांनी निरखून पाहिला.

"ताई, काच फिरवून बघितलीत का?"

"आता कशाला, काका?"

"माझ्या समाधानासाठी म्हणा."

बाई चिडल्या. पण लेख पाठवायचा हात थांबला. संध्याकाळी आभाळ मोकळं होताच त्यांनी मला पाव वेढा फिरवलं आणि फोटो घेतला. ठिपकाही पाव वेढा सरकला होता.

त्यांनी मला काढून दिव्यासमोर धरलं. लेप सुटलेली जागा त्यांना दिसली. वाटलं, आता आपटतात. त्यांनी मला अलगद टेबलावर ठेवलं आणि साहेबांना फोन केला.

"म्हणजे सगळं गेलं की हो," साहेब म्हणाले.

"नव्हतंच, सर. जाणार काय?"

वर्ष संपलं, बाई गेल्या. मी आता खणात आहे. माझ्या जागी नवी काच आली आहे. एवढा उजेड माझ्यातून गेला, पण तो ग्रह मला कधी दिसला नाही. त्याचं वाईट वाटत नाही. चैन पडत नाही ते वेगळ्याच गोष्टीनं. बाई कुठे असतील? कुठल्या दुर्बिणीपाशी तरी असतील ना? तुम्हाला भेटल्या तर एवढं विचाराल? बाई, पुढच्या काचेतून काही दिसलं का?