कृष्णद्रव्य

पहिली थप्पड गोटीराम निकम सरांनी चुकवली नाही. ती आपल्यासाठी आहे, हेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते. दुसरीने चष्मा उडाला. तिसरीसरशी हातातला माइक व्यासपीठावर आपटला आणि तो आवाज कर्ण्यातून चांदवडच्या बाजारपेठेत घुमला.

"लय शाना झाला का रं मास्तर?" दीपक आहेर ओरडला. त्याच्यामागून मंदिरातली माणसे शाळेच्या पटांगणात घुसली होती. "उद्या अष्टमी, आन् तू कर्ना लावून सांगतो, कृष्ण कुनाला सापडलाच नाय?"

झाले होते ते असे. विज्ञान मंडळाच्या भाषणात सर म्हणाले होते की, दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्या वेगाने त्यांतले तारे केव्हाच विखरून जायला हवे होते. पण त्यांना धरून ठेवणारे काहीतरी आहे, ते दिसत नाही, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात, आणि ते आजवर कुणालाच सापडलेले नाही. मुख्याध्यापकांनी आधीच सुचवले होते, 'डार्क मॅटर म्हणा.' मराठी शाळेत मराठी संज्ञाच हवी, हा सरांचा आग्रह. 'द्रव्य' वाऱ्याने नेले. रस्त्यापलीकडच्या मंदिरात पाळणा सजवणाऱ्यांच्या कानी उरलेले पडले.

"कृष्ण म्हणजे येथे काळे," सर जमिनीवरून म्हणाले. "हा कर्मधारय समास—"

"समास शिकवतो व्हय!"

कमरेचा पट्टा पाठीवर उतरला. कुणीतरी बरगडीत लाथ घातली. सरांनी तोंड झाकले, तर बोटांवर बुटाची टाच आली.

"दीपककाका, नका ना मारू!" अकरावीतली हर्षाली किंचाळली. "सर डार्क मॅटर म्हनत व्हते! आमच्या पुस्तकात हाय ते!"

हात थांबले.

"मंग सरळ तसं म्हनायला काय झालं व्हतं?" एकजण पुटपुटला, आणि दुसरा चक्क हसला.

प्रकरण तेथे मिटले असते. दीपक मात्र खाली बसला. त्याने सरांची कॉलर धरली. याच उन्हाळ्यात त्याचा लहानगा शेततळ्यात बुडाला होता. तेव्हापासून दीपकचा मुक्काम मंदिरातच असे.

"सर," तो एकाएकी हळू बोलू लागला, "माझं पोर देवापाशी हाय, असं मी रोज मनाला सांगतो. तुमचं ते काळं जे काय हाय, ते समद्यांना धरून ठेवतं ना? मंग माझ्या पोराला धरलंय का त्यानं? निस्तं हो म्हना. दुसरं काय नको मला."

एका अक्षराचे काम होते. परंतु जे उत्तर आपल्याजवळ नाही ते सरांनी आजवर कोणत्याही विद्यार्थ्याला दिले नव्हते. 'ठाऊक नाही' म्हणणे हे अज्ञान नव्हे, विश्वाशी बोलण्याची तीच एक सभ्य रीत आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्यासाठी ते सहकाऱ्यांशी हिरिरीने भांडत. त्यांनी दीपककडे पाहिले. इतका मार खाताना न आलेले पाणी आता त्यांच्या डोळ्यांत आले.

"ठाऊक नाही, दीपक."

लोखंडी खुर्ची जबड्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज चालूच राहिलेल्या माइकने टिपला. दीपक रडत होता आणि मारत होता. अखेर त्याच्याच माणसांनी त्याला मिठी मारून मागे ओढले.

दिवाळीनंतर सर वर्गावर परतले. जबडा वाकडा जुळला होता. जोडाक्षरे तोंडात फुटत, लाळ ओघळे, ती ते रुमालाने टिपत. मुले हसली नाहीत.

त्यांनी फळ्यावर दीर्घिका काढली, भोवती मोठे रिकामे वर्तुळ काढले.

"सर, मग ते नेमकं काय असेल?" हर्षालीने विचारले.

विचारून ती स्वतःच उठली आणि रस्त्याकडच्या खिडक्या एकेक करून लावू लागली. सर खडू धरून थांबले. शेवटची कडी बसली, तेव्हा त्यांनी तेच उत्तर दिले.